सुनीचा नंबर

३ जून, केज
हसतूस कशाला रं? वही माझी, गाव माझं. वाचायचं तर गप वाच.

सकाळी रॉकेलच्या दुकानावरून गेलो. दुकान बंद, माणूस एक नाही, आणि लाईन पार चौकापर्यंत. दगड, वीट, फुटका डबा, कुणाची तरी चप्पल. दगडांचे मालक घरी भाकरी खातायत. आमच्या दुकानात येऊन वडलांना म्हटलं, दगडाला कसला नंबर? अप्पा गल्ल्यावरूनच: "त्यो दगुड न्हाई, माणूस हाय. हलवून बघ, गाव मारील."
धन्य.

७ जून
ठरलं. कादंबरी लिहायची. हीरो एक शब्द: नंबर. या लोकांकडं दुसरा शब्दच नाही.
कापडवाल्या मन्मथकाकांना फोनचा नंबर मिळाला एकदाचा. पाटीवर दुकानाच्या नावाहून मोठा रंगवलाय. फिरवणार कोण, देव जाणे. शेजारचा म्हातारा चष्मा काढून दाखवतो, "माजा नंबर लई मोठा हाय," जसं काही मेडल. पोरगं चांगलं तर एक नंबर. धंदा वाईट तर दोन नंबर, पण रामराम त्यालाच जास्त. मयतीहून येताना म्हातारे: "आता आपला नंबर." तिथंही लाईन. तिथंही एखादा चप्पल ठेवून चहाला जाईल.
हे वाक्य बरं जमलं.

१४ जून
धाकट्या बहिणीचं, सुनीचं, डीएडचं पत्र आलं. वेटिंगला नववी. एकवीसला बीडच्या कॉलेजात कागदपत्रं घेऊन हजर. नंबर लागला नाही तर आष्टीचे पाहुणे येणार बघायला, अप्पांनी शब्द दिलाय. मुलाचं खताचं दुकान. मुलाला बोलताना ऐकलंय मी. खत बरं.
सुनी: "दादा, तू चल. अप्पा सायबापुढं नुसते हात जोडून ऱ्हातेत. तुझं एम. ए. येकदा तरी कामाला येऊ दे."

२१ जून
बीड. व्हरांड्यात ही लाईन. सफारीवाले बाप, घामेजलेले मामा. सुनीला मागच्या लिंबाखाली बसवलं. म्हटलं, मी बोलावल्याशिवाय उठू नको, नंबर मी धरतो.
तासभर उभा राहिलो. या मेंढरांत किती उभं राहणार. कादंबरीला सुचत होतं. पुढच्याला सांगून चप्पल ठेवली. अनवाणी टपरीवर. चहा, वहीत अडीच पानं लिहिली. 
आलो तर चप्पल होती तिथंच. कुणी हलवली नाही.
क्लार्क दारात आलेला, यादीतली नावं एकदाच वाचून गेलेला. हजर म्हणाला तो आत. लाईनीला कुणी विचारलंच नव्हतं.
"सुनंदा? गैरहजर. पुढच्या मुलीला दिली जागा."
"साहेब, माझा नंबर होता."
"कुठाय?"
मी चप्पल दाखवली.
तो मोठ्यानं हसला नाही. मोठ्यानं हसला असता तर बरं.
सुनी लिंबाखालीच. मांडीवर फाईल, मी बोलावायची वाट बघत.
परतीची एसटी. मांजरसुंब्याला सुनी एवढंच: "चप्पल घातलीस ना पायात?"

२२ जून
अप्पा: "लागला का नंबर?"
सुनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "न्हाई अप्पा. लई गर्दी होती."
अप्पा मन्मथकाकांकडं गेले, आष्टीला फोन करायला. त्या नंबरचं पहिलं काम. पाहुणे रविवारी.
मी वही घेऊन आत गेलो. एम. ए.

२४ जून
अडीच पानं वाचली. सगळं गाव मूर्ख, लिहिणारा सोडून.
फाडली नाहीत. राहू देत.
क्लार्क एक बोलला होता: कागद न भरलेल्या मुलींच्या जागा पंचवीसला पुन्हा पुकारणार, मुलगी समोर पाहिजे. सुनीला आज सांगितलं. तिला ते बीडलाच कळलेलं, फाईल आधीच बांधून ठेवलेली. "तू येतूस का मी येकटी जाऊ, येवढंच सांग."

२५ जून, केज स्टँड
अप्पा लिंगपूजेला बसलेले. पूजा होईस्तोवर ते तोंड उघडत नाहीत, घराला आग लागली तरी. ती वेळ मुद्दाम धरली, इतका शूर मी.
दारातून म्हटलं, "अप्पा, गर्दीमुळं न्हाई हुकलं. मी चप्पल ठेवून चहाला गेलतो. सुनीची चूक न्हाई. आष्टीवाल्यांना थांबवा."
अप्पांचा हात थांबला. डोळे उघडले. बघत राहिले.
आई आतून: "कुठं निघालात रं?"
निघालोच.
सुनी खिडकीत बसलीय. म्हणते, आज लाईन लागली तरी तू दारातच उभा ऱ्हा, वही दे हिकडं.
देतो. गाडी सुटली.