विभागप्रमुखांकरिता

ती. आईस, दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. गुडघ्याचं औषध घेतेस ना? की दादालाच ओरडावं लागतं?

विद्यापीठाच्या संज्ञापन विभागाचा इतिहास लिहायचं काम मला मिळालंय, हे कळवलंच होतं. काल जुन्या फायली चाळताना मी हबकलेच. प्रमुखांच्या यादीत मधली अकरा वर्षं 'पद रिक्त' अशी आहेत. पण त्या वर्षांतल्या प्रत्येक पत्रावर, वेळापत्रकावर 'विभागप्रमुखांकरिता' असं लिहून एकाच बाईंची सही आहे. त्या विभागाच्या टंकलेखिका होत्या!

आताच्या विभागप्रमुख सरांना दाखवलं, तर म्हणाले, "अगं, बाई मॅट्रिक होत्या. त्यांना प्रमुख म्हटलं तर लोक हसतील. राहू दे रिक्तच. आणि तुझीही नोकरी अजून कायम व्हायचीय, काय?"

विद्यापीठात असं चालतं, आई?

आज त्या अकरा वर्षांपुढे बाईंचं नाव घालून मी यादी छापखान्यात दिली. सरांना अजून माहीत नाही.

बाबा बाहेरगावी असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं तूच सही केलीस. म्हणून हे आधी तुला सांगते. दादाला एवढ्यात बोलू नकोस.

तुझीच,
अजून कायम न झालेली लेक