फिल्टरमधली पन्नी

मंगळवार, रात्र

ती पन्नी डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी वॉशिंग मशीनचं पाणी निघेना, म्हणून खालचं झाकण उघडून फिल्टर ओढला. बाथरूमभर घाण पाणी, आणि फिल्टरमध्ये खर्ऱ्याची पन्नी, रबरबँडसकट. आत फुगलेली तंबाखू-सुपारी. खर्ऱ्यानं तोंड आखडत चाललंय, पुढे उघडणारच नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडला होता. मीही त्या दिवसापासून खिसे तपासणं बंद केलं, विश्वास दिसावा म्हणून. पन्नी जुनी असेल का? पण फिल्टर तर मी परवाच धुतला होता.

ऑफिसातून आल्यावर वाळत ठेवलेला फिल्टर बघून ह्यांनीच विचारलं, "काय अडकलं होतं वं मशीनमध्ये?"

"रुमालाचे धागे," मी म्हटलं. का म्हटलं असं? भांडायचं नव्हतं, की खरं ऐकायचं नव्हतं?

"मले सांगायचं. मी साफ केलं असतं."

जेवताना बघत राहिले. पोळीचा एवढासा तुकडा, तोही ओठांतून सरकवत होते.

"दाढ दुखून राहिली," ते म्हणाले.

मी पोळी वरणात कुस्करून दिली. पन्नी तेव्हाही माझ्या गाऊनच्या खिशात होती.