परवानगीविना बरे झालेले उंदीर

प्रति,
मा. प्राणीगृह प्रमुख,
हृदयरोग संशोधन केंद्र,
सार्किवारा, फिनलंड.

विषय : रोहिण्या कठीण होण्याच्या प्रयोगातील, परवानगीविना बरे झालेले उंदीर उन्हाळ्यापर्यंत जिवंत ठेवण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व आपले नकार.

महोदय,

मी खाली सही करणारी कायसा तुरुनेन, आपल्या केंद्रातील संशोधक, पालथ्या घड्यावर पुन्हा एकदा पाणी ओतत आहे, याची मला जाणीव आहे. तरीही सविनय सादर करते की,

१. आमच्या उंदरांना मुद्दाम चरबीयुक्त खाद्य देऊन त्यांच्या रोहिण्या बिघडवल्या जातात. रोहिणीच्या भिंतीत चरबी साचली की ती खायला भक्षक पेशी धावतात, खाऊन खाऊन तिथेच फुगून बसतात आणि आणखी पेशींना बोलावतात. भिंत सुजते. या गर्दीला 'आता पुरे' म्हणणाऱ्या नियामक पेशीही शरीरात असतात. पण सूज फार दिवस टिकली की त्यांच्यातल्याच काही सूज वाढवणाऱ्या पेशींना जाऊन मिळतात. एकदा बिघडलेला हा कारभार पुन्हा ताळ्यावर येतो का, हे शोधणे हे माझे काम आहे. आजवर उत्तर 'नाही' असेच आले.

२. आमचे प्राणीपालक श्री. वेइक्को तोल्वानेन हे खेड्यातले. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी गोठ्यातल्या गाईला जास्तीचा चारा आणि पाखरांना ओटची पेंढी दिल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी जेवायला बसत नाही. गेल्या ख्रिसमसला त्यांनी उंदरांसाठी बर्चच्या लाकडाची, आत पळायची फिरती चाके तासून आणली आणि एका रांगेतल्या पिंजऱ्यांत बसवली. दुसऱ्या रांगेला पुरली नाहीत. मी सुट्टीवरून परतल्यावर जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, ह्यांच्या ताटात रोजच सण. मग सणाला द्यायचं काय? म्हटलं, जरा पळू दे बिचाऱ्यांना." मी रागावले, पण चाके काढली नाहीत. याची जबाबदारी माझी आहे.

३. फेब्रुवारीच्या नेहमीच्या तपासणीत चाकवाल्या रांगेतील काही उंदीर मारून त्यांच्या रोहिण्या कापून पाहिल्या. भिंतीतली सूज उतरली होती आणि नियामक पेशी वाढल्या होत्या. माझा विश्वास बसेना, म्हणून सहकाऱ्यांकडून पुन्हा तपासून घेतले. तेच निघाले. त्या दिवशी मला फार आनंद झाला, हे अर्जात लिहायचे नसते, तरी लिहिते.

४. त्यानंतर आपले निरीक्षक आले. लाकूड निर्जंतुक करता येत नाही, म्हणून चाके जप्त झाली. ते योग्यच होते. श्री. तोल्वानेन यांनी लेखी माफीही मागितली. परंतु पुढे आदेश निघाला की, 'प्रयोगास आवश्यक तो रोग पुरेसा न उरल्याने' चाकवाली रांग शुक्रवारी नष्ट करावी. समोरची आजारी रांग मात्र नियमात बसते, म्हणून ती जगेल. मी हरकत घेतली, तेव्हा निरीक्षकांनी मलाच विचारले, "बरा झालेला उंदीर आम्ही कोणत्या रकान्यात दाखवायचा, ते तुम्हीच सांगा."

५. आता चाके गेली आहेत, आणि खरा प्रश्न आत्ताच सुरू होतो. पळणे थांबल्यावर ही शांतता टिकते, की भिंत पुन्हा सुजते? हे फक्त हेच उंदीर सांगू शकतात, आणि तेही उन्हाळ्यापर्यंत जगले तर. श्री. तोल्वानेन यांच्या स्वतःच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे. तेव्हापासून ते दर हिवाळ्यात स्कीवर मैलोन्‌मैल जात. या वर्षी गुडघ्याने दगा दिला. पिंजरे धुता धुता त्यांनी मला विचारले, "मी पळणं थांबवलं, तर माझ्या आतलं बरं झालेलं पुन्हा बिघडेल का गं?" मी म्हणाले, उन्हाळ्यात सांगते.

६. सबब विनंती की, आदेश रद्द करावा. ते शक्य नसल्यास हे उंदीर दुसऱ्या संस्थेस द्यावेत. नियमबाह्य प्राणी बाहेर देता येत नाहीत, हे आपण कळवले आहेच. तेही नसल्यास, मारल्यावर निदान त्यांच्या रोहिण्या मला काढू द्याव्यात. त्यावर, असे मृतदेह न उघडता जाळावेत, असे आपल्या कार्यालयाने काल तोंडी सांगितले.

७. वरील सर्व विनंत्या नामंजूर होतील असे धरून शेवटची एकच करते. शुक्रवारी पाळी श्री. तोल्वानेन यांची आहे. त्यांनी पाळी बदलून मागितलेली नाही, ते मागणारही नाहीत. रांग कोणती, हे त्यांना ठाऊक आहे. उंदीर मारण्याच्या वायूची झडप फिरवण्याचे काम त्यांना देऊ नये. ते मी करीन.

उलट टपाली उत्तर नको, फक्त पाळी बदलावी.

आपल्या केंद्राची सेविका,
(सही)
कायसा तुरुनेन

दिनांक : ४ मार्च
सोबत : दोन्ही रांगांतील रोहिणीछेदांची छायाचित्रे.