वस्तरा आणि पाच पाती

३ नोव्हेंबर, सोमवार

वेड लागलंय ह्यांना! त्रेसष्टाव्या वर्षी माणसं गुडघ्यांना तेल चोळतात, आमच्या दंतवैद्यांनी वस्तरा आणलाय. खराखुरा. लांब पात्याचा, मुठीत घडी होणारा. सोबत चामड्याचा पट्टा, धार लावायचा दगड, साबणाची वाटी, जाड केसांचा ब्रश, तुरटीचा खडा. एवढ्या सामानात मी अख्खा संसार मांडला होता.

पाच पात्यांचा चांगला रेझर होता, मुलानेच दिलेला. तो केराच्या टोपलीत. वर व्याख्यान — "पहिलं पातं केस ओढतं, दुसरं कापतं, उरलेली तीन नुसती बघत उभी राहतात. सरकारी ऑफिस आहे ते!" मी गुपचूप टोपलीतून काढला, धुतला आणि माझ्या कपाटात टॉवेलांखाली ठेवला. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी मागतीलच.

४ नोव्हेंबर

दाढीला वेळ — पंचावन्न मिनिटं. गालावर कापसाचे बोळे दोन, हनुवटीवर एक. बाथरूमबाहेर रांगेत मी, सून आणि दप्तर पाठीला लावलेली नात. ती विचारते, "आजी, आजोबा आत झाड तोडतायत का?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. ती डोक्यात इतकी घोळते की कागदावर आली असंच वाटतं.

सूनही दातांचीच डॉक्टर, तिला मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. तीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. पहिल्या तारखेला जेवताना तिने सरळ विषय काढला — "बाबा, दवाखान्यातली मुख्य खुर्ची माझ्याकडे द्या, मी कुठेही जात नाही. पण आणखी पाच वर्षं तुमची मदतनीस म्हणून नाही राहू शकणार." खोटं काय त्यात? सहा वर्षं ही मुलगी आतल्या छोट्या खोलीतल्या जुन्या खुर्चीवर काम करतेय. ती खुर्ची वर करायची तर पायाने तीनदा पंप मारावा लागतो. ती गेली की मुलगा तिच्यामागे जाणार, नात जाणार. वरचा मजला रिकामा! तिथे काय मी वस्तरे वाळत घालू?

ह्यांचं उत्तर? "तीस तारखेला सांगतो." आणि दुसऱ्याच दिवशी वस्तरा घेऊन आले. एवढा मोठा निर्णय समोर उभा आणि साहेब साबणाला फेस आणतायत. अडचणीचा विषय आला की ह्यांना छंद फुटतो, हे मी चौतीस वर्षं बघतेय. घर बांधायच्या वेळी बासरी आणली होती.

८ नोव्हेंबर

आज दवाखान्यात हसू की रडू झालं. मी नेहमीसारखी बाहेर टेबलाशी, अपॉइंटमेंटची वही घेऊन. बँकेतली कॅशिअर आली होती, दाढ काढायला. हे तिला बघायला बाहेर आले ते ओठाखाली ताजी पट्टी लावून. ती बाई पर्स छातीशी धरून मला हळूच म्हणते, "वहिनी, माझी दाढ काढणार तो हाच हात का हो?"

ह्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता एखादा विनोद करतील. काही नाही. "सूनबाई बघतील तुम्हाला," म्हणाले आणि आत गेले. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी पण.

९ नोव्हेंबर, रविवार

गुरुगृही जाऊन आले हे. गुरू म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे म्हातारे मालक. त्यांच्याकडूनच हा वस्तरा आला. मीही मुद्दाम बरोबर गेले, म्हटलं बघू तरी. म्हाताऱ्यांनी तासभर शिकवलं — पातं गालाला टेकवायचं नाही, झोपवायचं. कातडी डाव्या हाताने ताणायची. आधी केसाच्या दिशेने, मग आडवं. मनगट सैल. "आणि घाई करायची नाही, डॉक्टर. वस्तऱ्याला माणसाच्या मनातलं कळतं."

माझं लक्ष त्यांच्या गालांकडे. गुळगुळीत, एक ओरखडा नाही! मी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः अजून वस्तराच वापरता?"

"छे हो वहिनी, एवढा वेळ कुणाला आहे? वापरा आणि फेका वालं आणतो, डझनाचं पाकीट."

घरी येईपर्यंत मी हसत होते. हे गंभीर. "त्यांनी चाळीस वर्षं केलंय. त्यांना आता काही सिद्ध करायचं नाही." आणि तुम्हाला करायचंय? असं विचारणार होते. 

१२ नोव्हेंबर

नवा शोध. आरशाच्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरचं पान चिकटवलंय. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने खूण — कुठे गोल, कुठे फुली. "हे काय?" "धार लावायचं वेळापत्रक." वस्तऱ्याला वेळापत्रक आहे! माझ्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण ह्यांना एकदा तरी झाली का? आणि गोल तरी कसले, बटाटे काढल्यासारखे. एके काळी दातांचे तक्ते असे भरायचे की छापल्यासारखे वाटावेत. आता सगळा जीव दाढीत.

१३ नोव्हेंबर

गोल.

(मीही बघायला लागले! संगतीचा परिणाम.)

१६ नोव्हेंबर, रविवार

साधेपणाचं वारं सुटलंय एकूणच. चहा अर्धाच कप हवा. "भरू नकोस, अर्धाच दे, हवा तर परत घेईन." म्हणजे मी दोनदा उठायचं. औषधाच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या, खाली सही सुनेची. "तुझं अक्षर चांगलं आहे." चौतीस वर्षांनी कळलं! शर्टाची वरची बटणं तर लावतच नाहीत, कॉलर उघडी टाकून हिंडतात. नातीने विचारलं, "आजोबा हिरो झाले का?" झाले, बाई. गालावर पट्ट्यांचे बिल्लेही आहेत.

सून मात्र हसत नाही हल्ली. तिला वाटतं, बाबा तिला टाळतायत. "आई, त्यांना द्यायचं नसेल तर नाही म्हणू देत. मी रागावणार नाही. पण हे काय लावलंय?" मी काय सांगणार? उद्या ह्यांच्याशी बोलते, म्हणाले.

१७ नोव्हेंबर

बोलले. फेसातून उत्तर आलं — "तीस तारीख अजून लांब आहे."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कानाखाली. चांगलाच कापलाय. तुरटी लावली तरी थांबेना. मी आवाज चढवला. "अहो, पाच पात्यांचा आहे माझ्याकडे, जपून ठेवलाय. तो घ्या आणि संपवा हे नाटक! लोक म्हणतात, डॉक्टरांची बायको त्यांना मारते."

हसले. मग म्हणाले, "तो चालवायला हात लागतच नाही गं. म्हणून नको."

असलं बोलणं! हात लागत नाही म्हणूनच तर शहाण्या माणसांनी तो शोधून काढला ना? माकडाच्या हाती कोलीत द्यावं तसा हा वस्तरा. रागाने मी पट्टा लपवून ठेवणार होते. पण बिनधारेच्या वस्तऱ्याने आणखी कापतं म्हणे, म्हणून परत टांगला.

२४ नोव्हेंबर

फुली. फुली. फुली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आता मात्र माझं डोकं फिरलंय.

कपाट पुसायला काढलं. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, आज पहिल्यांदा चष्मा लावून वाचलं — "रक्त नाही तर गोल. सलग दहा गोल झाले तर मी. नाहीतर ती."

म्हणजे धारेचं वेळापत्रक वगैरे सगळी थाप. दवाखाना कुणाचा, हे दाढीवर ठरणार! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, वरचा मजला भरलेला राहणार की रिकामा, हा प्रश्न, आणि हे छापा-काटा खेळतायत — तेही स्वतःच्या गालावर. सगळं पान मोजलं. सर्वांत लांबची माळ चार गोलांची, तेरा ते सोळा. त्यानंतर बहुतेक फुल्याच. म्हणजे हरलातच की! मग सांगून टाका ना पोरीला, कशाला झुलवत ठेवता? सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

रविवारी सकाळी तीस तारीख. बाथरूमच्या दारातच गाठणार आहे. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

दार पूर्ण लागलेलं नव्हतं.

हे आरशासमोर, अर्ध्या चेहऱ्यावर फेस. उजव्या हातात वस्तरा. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. आणि तरीही पातं थरथरत होतं. गालापासून बोटभर अंतरावर. खाली घेतलं. डोळे मिटले, श्वास घेतला, परत वर नेलं. परत तेच. असं चार वेळा बघितलं मी. पाचव्यांदा त्यांनी वस्तरा घडी करून बेसिनवर ठेवला आणि नळ सोडला. मला वाटतं आवाज येऊ नये म्हणून सोडला.

पाठ केलेलं सगळं विसरले.

स्वयंपाकघरात आले आणि अपॉइंटमेंटची वही उघडली. मीच लिहिते ती. रोज माझ्याच हाताने लिहिते! पाच आठवडे मागे गेले. प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक दाढ, प्रत्येक टाका — पुढे सुनेचं नाव. ह्यांच्या नावापुढे फक्त "तपासणी". एकाही माणसाच्या तोंडात ह्यांनी सुई घातली नाही. वस्तरा घरात यायच्या आधीपासून.

अर्धा कप. चिठ्ठ्या. बटणं. ते बटाट्यासारखे गोल.

आणि मी सगळ्यांना हसवत होते! काय बाई आहे मी.

मग मुद्दाम दोन पातेली आपटली, मी उठलेय हे त्यांना कळावं म्हणून. हे बाहेर आले तेव्हा तोंड पुसलेलं होतं, दाढी अर्धी राहिलेली. सून चहा घेत होती. ह्यांनी तिच्या समोर दवाखान्याच्या किल्ल्या ठेवल्या. "मोठी खुर्ची तुझी. ती डावीकडे जरा करकरते, तेल घालून घे." ती रडायला लागली, आनंदाने. तिला वाटलं, बाबांचं मन मोठं. आहेच मोठं. बाकीचं ते सांगतील तेव्हा सांगतील. उद्या त्यांना मी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. मला सगळं कळलंय, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

चहा दिला. अर्धा कप. न मागता.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी बाथरूममधून हाक आली — "अगं, तो पाच पात्यांचा कुठे ठेवलायस?"

महिनाभर ह्याच वाक्याची वाट बघत होते. टॉवेलांखालून काढून दिला. चार मिनिटांत दाढी झाली, एक ओरखडा नाही.

हरवला म्हणायला हवं होतं.