धावड्याचं बोलावणं

शुक्र., ११ ऑक्टो.
उद्या विद्यापीठाची सहल. एक किल्ला, एक जुनं चर्च, संध्याकाळी परत. अण्णांना फोनवर सांगून बसले. आमच्या गावी, धावड्याला, पाव्हणा आला की अण्णा त्याला अजिंठा दाखवून आणल्याशिवाय सोडत नाहीत. लगेच म्हणाले, "मंग मला तुझा किल्ला दाखव. व्हिडिओ लाव. अन् त्या एमाला फोन दे जरा."
एमा हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीतली. परदेशात आल्या आल्या मी तापाने पडले तेव्हा सूप करून आणायची. अण्णांना तिला राम राम घालायचाय. हो म्हटलं.

शनि., १२ ऑक्टो.
चर्चच्या दाराशी बूट काढले. ठरवून नाही, हात आपोआप गेले. मोजा नेमका अंगठ्याला फाटलेला. गाइडबाई गोड आवाजात म्हणाल्या, इथं काढावे लागत नाहीत. मागे दोघं-तिघं हसले. एमा नाही हसली. मी म्हटलं, खडा गेला होता. बूट उलटा करून झटकलासुद्धा. खडाबिडा काही नव्हता.
मग किल्ल्यावर सगळे गवतात सँडविच खात बसलेले, आणि अण्णांचा फोन. स्क्रीनवर टोपी, मिशा. अण्णा फोनवर बोलले की अख्ख्या शिवाराला ऐकू जातं. कट केला. परत आला, परत कट. एमाने विचारलं, घरून का?
म्हटलं, कंपनीचा आहे, जाहिरातीचा.
बापाला जाहिरात करून टाकलं मी.

रवि., १३ ऑक्टो.
अण्णांना सांगितलं, किल्ल्यावर रेंज नव्हती. "बराबर हाय, गडावर कुठली रेंज," असं त्यांनीच मला समजावलं.
जेवताना गणेशचा मेसेज. धाकटा भाऊ, पण सगळं बघतो. "ताई, तुझे गडावरचे फोटो त्याच टायमाला स्टेटसला पडून राह्यले व्हते. अण्णाला दाखवले न्हाईत मी."
मागोमाग दुसरा. "शेजारचे समदे आल्ते. अण्णा धुतलेलं धोतर नेसून बसले व्हते. एमाला घरी बोलवायचं इंग्रजीत पाठ केल्तं. सकाळपासून घोकून राह्यले व्हते."
उत्तरात अंगठा पाठवला. मग तोही डिलीट केला. जेवण तसंच.

रवि., २० ऑक्टो.
एकटीच बसने गेले, त्याच किल्ल्यावर. व्हिडिओ लावला. अण्णा मिरचीच्या रानात होते. बुरूज, दरवाजे, सगळं दाखवलं. त्यांना विहीर आवडली. "पाण्याची सोय झकास केल्ती." दोनदा बघितली.
मग चर्चच्या दारात गेले तर म्हणाले, "बाई, पायातलं काढ." काढले. आज आसपास कोणी नव्हतंच, त्यामुळे त्यात काही मोठेपणा नाही.
"एकटीच आली व्हय?"
"एमाला काम होतं."
अण्णांनी वाकून दोन-चार मिरच्या तोडल्या. मग म्हणाले, "बरं. बोलावणं तेवढं सांग तिला. म्हणावं, अजिंठा मी सोता दाखवतो."
अण्णांना कळलंय का? कळलंच असणार. नाहीतर एवढ्यावर सोडणारा माणूस आहे का तो.

मंगळ., २२ ऑक्टो.
एमाला नाही सांगितलं. स्वयंपाकघरात दोनदा भेटली. एकदा तर तोंड उघडलं आणि दूध आहे का विचारलं.
आपलं घर, ओसरीवर वाळत घातलेली मिरची, अण्णांचं ते पाठ केलेलं इंग्रजी... लाज अण्णांची वाटत नाही, असं लिहिणार होते. पण इथे तरी खोटं कशाला.

शनि., २६ ऑक्टो.
"सांगितलं का?"
"हो."
"मंग? काय म्हणली?"
"येते म्हणाली."
निघून गेलं तोंडातून. अण्णा इतके खूश झाले की मागे घेता येईना.

रवि., २७ ऑक्टो.
गणेश : "अण्णा भोकरदनला नवी गादी शिवायला टाकून आले. पाव्हणी किती उंच हाय, इचारून राह्यले. काय सांगू?"
एमाचं दार उघडंच आहे. मघाशी तिने हाक मारली, चहा घेणार का. आले म्हटलं.
अजून इथेच बसलेय.