चार अधिक दोन

प्रिय दादा,

नव्या ऑफिसचा फोटो मिळाला. काचेच्या खोल्या छान आहेत. भिंतीवर बाबांची तसबीर लावलीस तेही बरं केलंस. तसबिरीतली माणसं उलट विचारत नाहीत.

बाबांच्या इन्सुलिनसाठी तू ते वेबपान केलंस, तेव्हा घरात केवढं कौतुक झालं होतं! जेवणासाठी किती युनिट, साखर वाढलेली असेल तर वरचे किती, आणि खाली दोन्ही मिळून एक आकडा. बाबांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून तो वाचायचं काम आईकडे. "आपल्या आकड्यांत दाखव की रे, इंग्रजी आकडे मला पटकन उमगत नाहीत," ती म्हणाली आणि तू लगेच बदल करून दिलास. शेजारपाजारी सांगत सुटली होती, माझ्या लेकानं माझ्यासाठी केलं म्हणून.

दुसऱ्याच दुपारी तिनं वाचलं, "बेचाळीस." बाबा म्हणाले, "एवढे? पोराला विचार बरं." तिनं तुला फोन लावला. "आकडा बरोबर असतो ना रे?" तू मीटिंगमध्ये होतास. म्हणालास, "आई, मशीन चुकत नसतं. दिसतंय तेवढं घ्या." त्यांनी घेतलं. जेवून आडवे झाले. मी कामावरून आले तेव्हा उशी घामानं भिजली होती, आणि आई त्यांना हाका मारमारून दमली होती.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि तू बाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलास. मला वाटलं, काही उपाय शोधतोयस. डॉक्टर येऊन 'गेले' म्हणाले. त्यानंतर मामा, काका, सगळ्यांसमोर तू ते पान उघडलंस, दुपारचेच आकडे भरलेस. खाली आले सहा. "सहाच आहेत गं आई. बेचाळीस कुठून वाचलंस?" आवाज किती मऊ होता तुझा! आईनं पडद्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिली. त्यानंतर तिनं कुणाला काही वाचून दाखवलं नाही. बसचा नंबरसुद्धा शेजाऱ्याला विचारायची.

पुढे धंदा वाढला आणि त्या पानाची देखभाल तू माझ्या गळ्यात घातलीस. घरची बहीण, फुकटात राबेल. त्यात केलेला प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट नोंदलेला राहतो, ती नोंद मी उघडेन, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. आईला आपले आकडे दिसावेत म्हणून तू दोन्ही आकडे आधी मजकुरात बदललेस आणि मग मध्ये अधिकचं चिन्ह टाकलंस. आकड्यांत अधिक म्हणजे बेरीज. मजकुरात अधिक म्हणजे एकाला दुसरा चिकटवणं. जेवणाचे ४, वरचे २, झाले ४२. चूक कुणाकडूनही होते रे, माझ्याकडूनही झाली असती. पण ती दुरुस्त केल्याची वेळही तिथेच आहे. बाबा आत श्वास घेत होते, दादा.

मी आईला सांगितलं. दोनदा सांगितलं. म्हणाली, "भाऊ वर आला की तुझ्या पोटात दुखतं. माझ्या डोळ्यांनी नवरा खाल्ला, ते लेकरावर ढकलू नकोस." मग कित्येक महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही तिनं.

आई मंगळवारी गेली. सगळं उरकलं. तुला फोन मुद्दाम केला नाही. शेवटी शुद्धीवर होती. माझं मनगट धरून म्हणाली, "दादाला सांग, त्याच्या बापाला मी मारलं. त्या दिवसानंतर एकदाही बोलून दाखवलं नाही त्यानं, एवढ्या मोठ्या मनाचा. म्हणावं, आईला माफ कर." निरोप पोचवीन असा शब्द दिला होता, म्हणून हे पत्र. उत्तर मला नको. माफ करायचं असेल तर तिला कर.

तुझीच,
धाकटी