भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात

प्रिय नायेली,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या बाबांच्या नावाचं, त्यांनी रंगवलेल्या पाट्यांचं इंटरनेटवरचं पान या महिन्याअखेर बंद करणार म्हणतेस. कुणी बघत नाही, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनीही ते कधी आपलं मानलं नाही, मग ठेवायचं कशाला, असं लिहिलंयस. पान तू केलंस, बंद करायचा हक्कही तुझाच. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला घेतलं असतं तर आपण दोघी रडलो असतो आणि सांगायचं राहून गेलं असतं.

इकडे आल्वारादोत उत्तरेचं वारं सुरू झालंय. खिडक्या लावून घेतल्या तरी भातात वाळू लागते. खाऱ्या हवेनं दुकानांच्या भिंतींवरची बाबांची अक्षरं सोलपटायला लागलीत. पूर्वी वारं पडलं की ते डबे घेऊन गावभर हिंडायचे, कुठे रंगाचा हात मारायचे, कुठे पुसट झालेलं अक्षर उजळायचे. आता न्हाव्याच्या भिंतीवरच्या कात्रीचं एकच पातं उरलंय. लोक मला म्हणतात, "एर्मिला, तो हल्ली अर्धंच डोकं कापतो गं!" मी हसते. रडणाऱ्या माणसाची या गावात जास्तच टर उडते, तुला माहीत आहे.

पाट्या-जाहिराती कशा कराव्यात याची छोट्या दुकानदारांसाठी तू जी पुस्तिका छापलीस ना, ती मी वाचली. पुन्हा वाचली. शाळा मी पाहिली नाही; बाबांची शिडी धरता धरता भिंतींवरून वाचायला शिकले, त्यामुळे अजून मला मोठी अक्षरं आधी कळतात. तू लिहिलंयस, रंग दोनच घ्या, तिसरा लागलाच तर चिमूटभर. पाहणाऱ्याला आधी काय दिसायला हवं ते एकदा ठरवा आणि तेवढंच मोठं करा. मोकळी जागा वाया गेली असं समजू नका. वाचता वाचता मला वाटलं, हे तर मी ऐकलंय, शिडीवरून. पेत्रोनाबाईच्या मासळीच्या खानावळीची भिंत पहिल्यांदा रंगवली तेव्हा बाबा तिला सांगत होते, "मोकळी जागा म्हणजे भिंतीचा श्वास असतो, तिचा गळा दाबू नको." आणि ती खालून ओरडत होती, "तेयो, पैसे अख्ख्या भिंतीचे घेतोस, मग अख्खी भिंत रंगव की, आळशा!" तुम्ही बापलेक एकच सांगत होतात. फक्त एकमेकांना सांगत नव्हतात.

तू मोंतेर्रेहून पान दाखवायला आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाबांनी तुझा फोन घेतला, माझ्या हातात दिला, मला दारात उभं केलं आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथून डोळे बारीक करून ओरडले, "काही म्हणजे काही दिसत नाही!" शेजारीपाजारी पोट धरून हसले. तुला वाटलं, चारचौघांत तुझी चेष्टा केली. नाही गं. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पाटी अशीच पारखली. पाटी बघायची दुसरी रीत त्या माणसाला ठाऊकच नव्हती. तू म्हणालीस, "बाबा, हे जवळून बघायचं असतं." मग मात्र ते चिडले. "भिंत नसलेली पाटी! उद्या ताट नसलेला भात वाढशील!" तरी तू रागारागानं पानाचा पत्ता कसा लिहायचा ते त्यांना समजावलंस. "हा मधला ठिपका विसरलात तर पान उघडणारच नाही," म्हणालीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलीस. त्यानंतर आलीस ती त्यांना माती द्यायलाच.

ते गेले त्या दुपारी पेत्रोनाचीच भिंत नव्यानं करत होते. मधेच जेवायला घरी आले, हात धुतले, बसले. मी भात घेऊन वळले तोवर मान कलली होती. भिंत तशीच राहिली, त्यावरचा मासा शेपटीविना. पेत्रोनानं तिला कुणाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईकं विचारतात, "पेत्रोनाबाई, शेपटी तूच खाल्लीस का?" ती म्हणते, "हो, आणि तुझी जीभ खाईन पुढच्या शुक्रवारी."

या आठवड्यात तिनं पडवीतल्या त्याच भिंतीला लावून रचलेली सरबताच्या बाटल्यांची खोकी हलवली आणि मला बोलावणं धाडलं. "एर्मिला, बघ गं, माझ्या नातवानं गिरगटलंय की काय? पांढरा हात मारून टाकू?" खोकी रचलेली होती तो खालचा उजवा कोपरा. पाट्या रंगवणाऱ्याची जागा. काम संपलं की बाबा तिथे आपलं नाव आणि फोन नंबर घालायचे. जागा पुरावी म्हणून सुरुवातीलाच खडूनं आखून ठेवायचे. मी वाकून पाहिलं. नाव होतं. नंबर नव्हता. नंबराच्या जागी तुझ्या पानाचा पत्ता होता, एकेक अक्षर घोटून काढलेला. आणि मधला ठिपका, नायेली, लिंबाएवढा मोठा. विसरायला नको म्हणून.

मी पेत्रोनाला थांबवलं. घरून त्यांचा बारीक कुंचला आणि निळा डबा आणला, तिनं मला बसायला खोकं दिलं, आणि काल दिवसभर मी ती खडूची अक्षरं भरली. काही अक्षरं फुगली. माशाच्या शेपटीला मी हात लावला नाही, ते माझं काम नव्हे. रंग वाळल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि वळून पाहिलं. वाचता येतात. म्हणून हे लिहायला बसले, बाळा. आता पेत्रोनाकडे मासे खायला आलेलं कुणीतरी तो पत्ता वाचेल आणि बाबांचं काम बघायला तुझ्या पानाशी येईल. बाबांनीच पाठवलेलं असेल ते माणूस. त्याला दार बंद मिळू देऊ नकोस.

बोटांना अजून निळा रंग लागलेली,
तुझीच आई,
एर्मिला